ग्राशियानाचा पत्ता

आमाच्या, म्हणजे आईच्या, वर्षदिनाच्या मिस्सेत मेण कोणी पेटवायचं हे ठरलेलं नव्हतं, असं पेयो नंतर म्हणाला. ते खोटं होतं. ठरलं होतं, फक्त ग्राशियानाला कोणी कळवलं नव्हतं.

मेण म्हणजे हातभर कोरीव फळीवर दोरीसारखी गुंडाळलेली पिवळी मेणवात. घरातल्या गेलेल्यांसाठी ती चर्चमध्ये घरच्या बाईने पेटवायची. आमा ती फळी पिरेनीजच्या डोंगरातून नेवाडाच्या या माळरानावर घेऊन आली, आणि साठ वर्षं तिच्याखेरीज कोणी त्या फळीला काडी लावली नाही. आता घरची बाई म्हणजे पेयोची बायको, लोरेन. मॉर्मन पंथाच्या घरातली मुलगी, लग्नापायी कॅथलिक झालेली. तिने दोन दिवस स्वयंपाकघरात सराव केला होता, कारण ती वात एका हाताने सारखी उलगडत राहावी लागते, नाहीतर फळीच पेट घेते. फळी मांडीवर घेऊन ती पहिल्या बाकावर बसली होती. पाद्रीबाबा आले, आणि मागच्या बाकावरून ग्राशियाना उठली, झोपलेलं मूल उचलावं तशी लोरेनच्या मांडीवरून फळी उचलली आणि पेटवून मोकळी झाली.

कोणी काही बोललं नाही. लारालदे घराण्यात न बोलणं हीसुद्धा एक कृतीच धरतात. मायीने शेजारच्या बाकावरून लोरेनची रिकामी मांडी बघितली, आणि दुपारचं जेवण कसं जाणार हे तिला तेव्हाच कळलं.

जेवण तसं वेळेवर झालं. लसणाचं सूप, घेवड्याच्या बिया, कोकराचं मटण, पाण्याच्या पेल्यातून लाल वाईन. टेबलाशी पाच जण होते. ग्राशियाना थोरली, बासष्टची. अडतीस वर्षांपूर्वी लग्न करून कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला गेलेली. पेयो सगळ्यांत धाकटा. मेंढ्या, गवत आणि कर्ज हे तिन्ही तोच सांभाळत होता. मायी मधली. तिने लग्न केलं नव्हतं; चौतीस वर्षं काउंटीच्या नोंदणी कचेरीत बसून इतरांची लग्नं, जमिनी आणि मरणं लिहिली होती. लोरेन. आणि वडिलांचा धाकटा भाऊ शानकाका, वय शहाऐंशी, कानातलं यंत्र खिशात. बॅटरी वाचावी म्हणून ते यंत्र तो फक्त महत्त्वाच्या बोलण्याला लावायचा, आणि महत्त्वाचं काय हे त्याला न ऐकता कसं कळतं हे कोणाला उमगलं नव्हतं.

कॉफी आली तसा पेयोने कपाटावरून एक पाकीट काढलं.

"पिटमनबाईंचं पत्र आहे," तो म्हणाला. "ट्रस्टबद्दल. सगळे आहेतच, तर वाचून टाकू."

"आज?" ग्राशियाना म्हणाली. "आमाच्या वर्षदिनाला?"

"उद्या सकाळी तू जाणार. मग काय, फोनवर वाचू?"

"वाच ना. मी कुठे नाही म्हणतेय? तुला घाई आहे एवढंच म्हटलं."

"घाई मला नाही. कॅलिफोर्नियाला आहे."

मायीने कपातली साखर ढवळली. ती कॉफीत साखर घालत नसे.

ट्रस्ट साधा होता. आईवडिलांनी मिळून केलेला. अकरा वर्षांपूर्वी आइता, म्हणजे वडील, गेले त्या दिवशी तो पक्का झाला, म्हणजे त्यातला स्वल्पविरामसुद्धा आता कोणाला हलवता येणार नव्हता. जमीन ट्रस्टची. तिघं मुलं विश्वस्त आणि तीच लाभार्थी. वरच्या खोऱ्यात सोन्याची खाण निघाली होती, आणि खाणवाले रस्त्याचं नि जागेचं भाडं देत. ते पैसे आजवर कोणी वाटून घेतले नव्हते. आमा म्हणायची, घराचे पैसे घरात. कागदात तसं लिहिलेलं नव्हतं, पण कागद आमापेक्षा मोठा नव्हता. दर वसंतात वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, कराचं विवरणपत्र मायी भरायची. नेवाडात उत्पन्नावर राज्याचा कर नाही, त्यामुळे काम एवढ्यावर संपायचं. निदान तसं सगळे समजून होते.

आमा गेल्यावर पेयोने गावातल्या पिटमनबाईंना हिशेबाला नेमलं. बाईंनी पहिल्याच दिवशी तिघांच्या वाहन परवान्यांच्या प्रती मागवल्या. दोन परवाने नेवाडाचे निघाले. तिसरा नव्हता.

पेयो चष्मा नाकावर ढकलून पत्र वाचू लागला. पिटमनबाई फुलं न लावता लिहीत. जमीन कुठे आहे एवढंच कॅलिफोर्निया बघत नाही. विश्वस्त कुठे राहतात आणि लाभार्थी कुठे राहतात, हे आधी बघतं. तिघांतला एक जरी तिथे राहत असला तर ट्रस्टच्या उत्पन्नाचा तेवढा हिस्सा त्या राज्याचा, आणि त्याचं विवरणपत्र तिथे दरवर्षी भरायचं असतं. ते अकरा वर्षं भरलेलं नाही. न भरलेलं विवरणपत्र कधी मुदतबाह्य होत नाही. आपण होऊन गेलात तर दंडात काही सूट मिळू शकेल. कर, व्याज, दंड मिळून साधारण साठ हजार डॉलर. आणि शेवटी: 'सर्व वर्षांच्या कागदांवर ग्रा. लारालदे यांचा पत्ता नेवाडातील मेंढवाड्याचा का आहे, याचा खुलासा कृपया करावा.'

"साठ हजार," लोरेन म्हणाली. "गवताच्या पाण्याचा पंप दोन वर्षं बंद आहे आपला."

"ऐकलं मी," ग्राशियाना म्हणाली.

"पण वाट आहे," पेयो म्हणाला. त्याने पाकिटातून आणखी दोन कागद काढले. ते पिटमनबाईंचे नव्हते. अक्षरं घरच्या छपाईयंत्राची होती, शाई संपत आलेली. "हा तुझा राजीनामा. विश्वस्तपणाचा. पुढचा बराचसा कर त्याने वाचतो. तुझा वाटा तसाच राहील, एका पैशाचा फरक नाही."

"आणि सही?"

"कसली सही?"

"वरचा झरा खाणवाल्यांना विकायचाय तुला. विक्रीला तिघांच्या सह्या लागतात. मी गेले की दोन पुरतात. का मी चुकतेय?"

"झऱ्याचा इथे काय संबंध?"

"तेच विचारतेय."

पेयोने पत्राची घडी घातली. चार वर्षं पाऊस नव्हता, आणि बाजारात लोकरीला कोणी विचारत नव्हतं. त्याचा चेहरा बाहेरच्या कुंपणाच्या खांबासारखा झाला होता, हे मायीला गेल्या हिवाळ्यातच जाणवलं होतं. तो लबाड नव्हता. थकलेल्या माणसाला जी वाट आधी दिसते ती त्याला दिसली होती.

"आणि दुसरा कागद?" मायीने विचारलं. विचारलं नसतं तर बरं, असं तिला विचारतानाच वाटलं.

"ते प्रतिज्ञापत्र. की गेल्या वर्षापर्यंत ग्राशियाना इथेच राहत होती. मेंढवाड्यावर. कागदांवर लिहिलंय तसंच. मग मागचं काही भरायलाच नको."

"अरे पण परवाना..."

"परवाना गाडीचा असतो, मायी. माणसाचा नसतो."

शानकाकाने खिशातून यंत्र काढून कानात बसवलं.

ग्राशियानाने तो कागद ओढून घेतला. सावकाश वाचला. मायीला वाटलं होतं ती फेकून देईल. तिने फेकला नाही. 'मी, ग्राशियाना लारालदे, शपथेवर सांगते की माझे राहते घर...' त्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि थांबूनच राहिलं. त्यांच्या डोंगरातल्या रीतीप्रमाणे घर थोरलीचं, मुलगी असली तरी. ते तिचं व्हायचं होतं. एका दूधवाल्याच्या मुलासाठी तिने ते सोडलं, आणि सोडल्याचं कधी मोठ्याने म्हटलं नाही. अजूनही बेकर्सफील्डहून फोन करताना ती म्हणायची, शुक्रवारी घरी येते. आता कोणीतरी ते टाईप करून समोर ठेवलं होतं. फक्त सही बाकी होती.

"यावर करेल ती सही," लोरेन म्हणाली. आवाज शांत होता, मेणासारखा. "का नाही करणार? पत्ता तिनेच तर दिला. अकरा वर्षं कॅलिफोर्नियाला फसवायला आमचं घर बरं सापडलं तुम्हाला."

"मी?" ग्राशियानाने मान वर केली. "मी कुठला पत्ता दिला?"

"सह्या तुमच्या आहेत. पिटमनबाईंकडे सगळ्या आहेत."

"मला शेवटचं पान यायचं! नुसतं शेवटचं पान, पाकिटात, परतीचं तिकीट लावून. आमा फोनवर सांगायची, सही करून धाड, चौकशा करू नको. मी करायचे."

"म्हणजे आता खापर आमावर," पेयो म्हणाला. "आजच्या दिवशी."

"मी खापर फोडत नाहीये..."

"मग कोणी लिहिला? पत्ता काय आपोआप उगवला?"

ग्राशियाना मायीकडे बघत नव्हती. हेच वाईट होतं. तिच्या मनात मायी आलीच नव्हती. तिथे मूग गिळून बसायला भरपूर जागा होती: आमा मेलेली, पेयोला खरं नको, ग्राशियानाला माहीत नाही. अजून एक मिनिट गेलं असतं तर बहिणीने कागदावर सही तरी केली असती, नाहीतर ती दार आपटून निघून गेली असती. दोन्ही बाबतींत मायी लारालदे, निवृत्त नोंदणी कारकून, स्वच्छ राहिली असती.

"मी लिहिला," मायी म्हणाली.

"काय लिहिलं?" पेयो म्हणाला.

"पत्ता. अकराही वर्षं. माझंच अक्षर आहे. मग टाईप करायला लागले तेव्हा माझंच टायपिंग."

तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून ती पुढे बोलत राहिली.

"पहिल्या वर्षी बेकर्सफील्डच लिहिलं होतं. इथेच, या टेबलावर. आमा बिया सोलत बसली होती. म्हणाली, हे काय? म्हटलं, ग्राशियानाचा पत्ता. म्हणाली, तिथे ती झोपते. राहते इथे. मी म्हटलं, आमा, सरकारला झोपायचाच पत्ता लागतो. तर म्हणाली, सरकारला काय कळतं घरातलं? आणि फाडला कागद."

"आमाने?" ग्राशियानाने विचारलं.

मायीने कप बाजूला सारला.

"नाही," ती म्हणाली. "फाडला मी. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे."

चौतीस वर्षं ती खिडकीपलीकडच्या माणसांना सांगत आली होती: मनात काय आहे ते नको, खरं काय आहे ते सांगा. एका माणसाने मेलेल्या बायकोचं नाव उताऱ्यावर राहू द्या म्हणून तिच्यापुढे रडून मागितलं होतं. तिने ते काढलं होतं, नियमाने, आणि त्याला रुमाल दिला होता. आणि आईच्या एका नजरेला तिने कोरा कागद पुढे ओढला होता.

"तुला माहीत होतं? कॅलिफोर्नियाचं?" पेयोने विचारलं.

"पहिल्या वर्षी नव्हतं. तिसऱ्या वर्षी कळलं. कचेरीत एकाचं तसंच प्रकरण आलं होतं. मग शेवटचंच पान पाठवायला लागले."

"शाब्बास."

"हो."

शानकाका खाकरला. "माझंसुद्धा तेच," तो म्हणाला. "चाळीस उन्हाळे मी डोंगरात काढले. मेंढपाळाच्या गाडीत झोपायचो, कुत्र्याबरोबर. जनगणनेचा माणूस आला की तुमची आमा, कत्तालिन, सांगायची, दीर इथे राहतात, पूर्वेच्या खोलीत. त्या खोलीत मी पहिल्यांदा झोपलो तेव्हा मला दात उरले नव्हते." त्याने पेल्यातली वाईन संपवली. "तिच्या लेखी ज्याचं घर त्याचा पत्ता. बाकी सगळं म्हणजे चराई."

ग्राशियाना हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिने तो कागद स्वतःकडे जरा आणखी ओढला. मायीला ते दिसलं. आईचीच इच्छा होती, असं म्हणायची सोय झाली होती. आपण खरं बोलून खोट्याला आईचा शिक्का मिळवून दिला, हे तिच्या ध्यानात आलं.

"तर आमाने मला इथेच ठेवलं होतं," ग्राशियाना हळूच म्हणाली.

"हो ना," लोरेन म्हणाली. "अकरा वर्षं तुम्ही माझ्या घरात राहत होता, आणि मला पत्ता नाही. कपडे कुठे टाकत होता धुवायला?"

"लोरेन," पेयो म्हणाला.

"थांब. मला एकच विचारायचंय. मायी, तुला सगळे कागद पाठ आहेत. त्यात माझा पत्ता कुठे आहे?"

मायी मनातल्या मनात पानं उलटू लागली.

"एकतीस वर्षं मी इथे आहे. शेवटची चार वर्षं आमाला मी आंघोळ घातली. ती मला नावाने हाक मारायची नाही, 'पेयोची' म्हणायची, तरी घातली. मी कुठे राहते, हे कुठल्या पानावर आहे?"

"नाहीये," मायी म्हणाली. "तू लाभार्थी नाहीस. सुनांना रकाना नाही त्यात."

"बरं," लोरेन म्हणाली, आणि कप गोळा करायला उठली. तिने एक कप दुसऱ्यात घातला, तिसरा त्यात, आणि मग तशीच उभी राहिली. पुढे काय करायचं असतं हे विसरल्यासारखी.

बाहेर कुठेतरी कोकरू ओरडलं. कोकरांचे दिवस होते. पेयोने सवयीने खिडकीकडे बघितलं, आणि आज पहिल्यांदाच तो उठून गेला नाही.

ग्राशियाना लोरेनच्या हातांकडे बघत होती. सकाळी तिने ज्या हातांपुढून फळी उचलली त्या हातांच्या बोटांवर, दोन ठिकाणी, मेणाने भाजल्याचे लाल डाग होते. सरावाचे. बराच वेळ तिने ते बघितले. मग प्रतिज्ञापत्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

"यावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मी इथे राहत नाही."

पेयो म्हणाला, "अगं, नुसता कागद आहे."

"नुसता कागद असता तर मघाशीच केली असती. मी बेकर्सफील्डला राहते. अडतीस वर्षं. माझं घर आहे तिथे, त्याचं छप्पर गळतं, माझा नवरा तिथल्या मातीत आहे. खरं सांगू? आइता गेले तेव्हा त्यांना पोचवून परत निघाले. तेहाचापीचा घाट उतरले, खाली सगळे दिवे दिसले, आणि मनात आलं, चला, पोचले घरी. इतकी लाज वाटली मला. आमाला कधी सांगितलं नाही."

"म्हणजे बरोबर अकरा वर्षांपूर्वी," पेयो म्हणाला. "दोन वर्षं उशिरा पोचली असतीस तर दहा-बारा हजार वाचले असते."

विनोद करायचा त्याचा विचार नव्हता. तरी शानकाका हसला, आणि मग मायी.

"मग राजीनामा?" पेयोने विचारलं. आवाजात आता जोर नव्हता.

"तोही नाही. झरा विकायचाय तर मला पटव. चार वर्षांत एकदा तरी फोन करून विचारलंस, काय करू म्हणून? नुसता 'सगळं ठीक' म्हणतोस. मी तिथे बसून मायीकडून ऐकते की पंप बंद आहे."

"काय सांगू? की जमत नाहीये?"

"हो. तेच सांग."

पेयोने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"जमत नाहीये," तो म्हणाला.

हे वाक्य या टेबलावर याआधी कोणी उच्चारलेलं मायीला आठवत नव्हतं. वडिलांनी नाही, आणि आमाने तर मरतानाही नाही.

"मी तिच्या बाजूने आहे," मायी म्हणाली. "ती विश्वस्त राहील. आणि आपण भरतोय, अकराही वर्षांचं. खुलासा मी लिहीन, माझ्या नावाने. दंडातला माझा हिस्सा माझ्या पेन्शनीतून घ्या. झऱ्याचं मग तिघं बसून बोलू. तिघं म्हणजे चौघं."

"चौथं कोण?" पेयो म्हणाला.

मायीने नुसतं लोरेनकडे बघितलं. कागदात तशी सोय नव्हती. पण टेबल कागदापेक्षा लांब होतं.

राजीनाम्याचा कागद पेयोने दुमडला, पुन्हा दुमडला, आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. "निदान एवढ्याला तरी उपयोगी पडेल," तो पुटपुटला. मग पिटमनबाईंचा संमतीचा कागद पुढे ओढून, राज्याला कळवायला हरकत नाही, या ओळीखाली त्याने सही केली. वाकडी, पण केली. पेन त्याने मायीला दिलं, मायीने ग्राशियानाला.

ग्राशियानाने नाव लिहिलं. खाली पत्त्याचा रकाना होता. घर क्रमांक, रस्ता, बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया. न थांबता लिहिलं. लिहून झाल्यावर मात्र तिने हात मांडीवर ठेवले आणि एखाद्या अनोळखी ठिकाणी बसल्यासारखी खोलीभर नजर फिरवली: चूल, कपाट, भिंतीवरचा क्रूस, आमाची खुर्ची. मायीला वाटलं उठून तिच्यापाशी जावं. पण ती गेली नाही. हे तिला एकटीलाच बघायचं होतं.

"लोरेन," शेवटी ग्राशियाना म्हणाली, "आज रात्री मी इथे राहिले तर चालेल?"

अडतीस वर्षांत तिने हा प्रश्न या घरात कोणाला विचारला नव्हता. बॅग घेऊन ती सरळ वर जायची.

लोरेनच्या हातात अजून ते एकात एक घातलेले कप होते. तिने ते खाली ठेवले.

"वरच्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवलंय," ती म्हणाली. "पलंगावर कापड पसरलेलं आहे सगळं."

"मी आवरते."

"नको. कुठलं कुठे ठेवायचं, तुम्हाला माहीत नाही." लोरेन जिन्याकडे निघाली. दोन पायऱ्या चढून थांबली, मागे न बघता. "या, दाखवते."